मुलाला डिस्लेक्सियाची शंका आली, तर बेळगाव-खानापूर-निपाणीत कुठून सुरुवात करायची

माझ्या मुलाला दुसरीपासून तीन शिकवण्या होत्या. शाळा सुटली की वडगावातल्या एका बाईंकडे मराठी आणि गणित, तिथून एका सरांकडे कन्नड, रविवारी इंग्रजी. चौथीत असताना त्यानं एकाच पानावर 'निपाणी' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिला: 'नीपाणि', 'निपणी' आणि 'इनपाणी'. त्याच आठवड्यात तो वडिलांबरोबर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेला होता. साच्यात धातू कसा ओततात, तो निवायला किती वेळ ठेवतात, हे सगळं घरी येऊन त्यानं आजीला एकही टप्पा न चुकता सांगितलं. एवढं लक्षात राहणाऱ्या पोराला 'निपाणी' का लिहिता येत नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. तो दोन वर्षं आधी पडायला हवा होता. त्याचं उत्तर होतं डिस्लेक्सिया: बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं.

या दोन वर्षांत आम्ही शिकवण्या वाढवल्या, शिकवायची पद्धत मात्र तीच राहिली. न वाचता येणाऱ्या मुलाला तेच पुन्हा, जास्त जोरात, जास्त वेळ शिकवलं. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमानं लिहीत आहे.

१. शंका वहीत उतरवा

'अभ्यासात कच्चा आहे' असं म्हणून काही कळत नाही. तीन आठवडे रोज दोन ओळी लिहा, तारखेसह. कुठलं अक्षर अडलं, वाचताना शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजानं म्हटलं का, फळ्यावरचं उतरवताना ओळ सुटली का, तोंडी विचारलं तर उत्तर आलं का. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तोंडी येतं आणि लिहून येत नाही, असं सतत दिसलं तर थांबू नका. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, तपासणीच्या वेळी त्याच कामाला येतात.

आपल्या भागात एक गोष्ट आधी वेगळी काढावी लागते. घरी मराठी बोलणारं मूल मराठी सरळ वाचत असेल आणि फक्त कन्नडमध्ये अडत असेल, तर बहुतेक वेळा ती सवयीची कमतरता असते. कानावर कन्नड पडत नाही, म्हणून वाचताही येत नाही. पण घरच्या भाषेतही तेच अडखळणं असेल, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत ते दिसत असेल, तर तपासणी हवीच. मूल इंग्रजी माध्यमात असेल तरी हीच कसोटी लावा. आपल्याकडे शिक्षक आणि पालक दोघंही 'तीन भाषांचा गोंधळ आहे, मोठा झाला की सुटेल' म्हणतात. माझ्या मते सीमाभागातली मुलं उशिरा लक्षात येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. तीन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, पण त्या तीन भाषांआड तो लपून राहतो.

घरात मामाला, काकाला, वडिलांना लहानपणी वाचन जड गेलं होतं का, तेही विचारून ठेवा. हे रक्तात असतं.

२. डोळे आणि कान

हे दोन्ही आधी तपासून घ्या. पुढे प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तेच विचारतात. कागद फाइलला लावा.

३. शाळेला लेखी कळवा

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्यातल्या २१ प्रकारांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' येते, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो. मुलातली ही अडचण लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करणं हे त्याच कायद्याच्या कलम १६ नं शाळेचं कर्तव्य ठरवलं आहे. कायदा दाखवून भांडायची गरज नाही, पण तो माहीत असला की हेडमास्तरांच्या समोर बसताना आवाज डगमगत नाही.

आमच्या वर्गशिक्षिका वाईट नव्हत्या. 'लक्ष देत नाही हो, हुशार आहे पण आळशी' एवढंच त्या म्हणायच्या, आणि मी घरी येऊन पोरावर ओरडायचे. नंतर मी साध्या मराठीत एक पत्र लिहिलं: माझ्या निरीक्षणातल्या या गोष्टी, मूल्यमापन करून घ्यायचं आहे, आपलं मत लेखी द्यावं. पोच घेतली, तारखेचा शिक्का घेतला. तोंडी बोललेलं विसरलं जातं.

तालुक्याच्या बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, कार्यालयाकडे समावेशक शिक्षणाचे साधन शिक्षक असतात, कर्नाटकात त्यांना बीआयईआरटी म्हणतात. हेडमास्तरांना सांगून त्यांची भेट मागा. आरोग्य खात्याचं मुलांची तपासणी करणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीतही शिकण्यातल्या अडचणी आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत असेल असं बघा.

४. तपासणी कुठे आणि कुठल्या भाषेत

बेळगावात बिम्सचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे, आणि तिथंही काम झालं नाही तर बंगळूरचं निम्हान्स, तीही मानसिक आरोग्याचीच राष्ट्रीय संस्था. निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुठल्या दिवशी बसतात, आणि मराठीत वाचन तपासता येईल का.

धारवाडला जाताना घरच्यांचं बोलणं ऐकायची तयारी ठेवा. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "धारवाडला कशाला न्यालीस? पोरगं काय खुळं हाय काय?" त्यांचा राग नाही, जुन्या माणसांना ते हॉस्पिटल तेवढ्याच नावानं ठाऊक आहे. मी त्यांनाच बरोबर घेऊन गेले. दिवसभर बाकावर बसून त्यांनी इतर आया-आज्या बघितल्या आणि परतीच्या बसमध्ये त्यांनीच नातवाला खिडकीची जागा दिली. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळे दोन-तीन खेपा पडल्या तरी खर्च फार होत नाही. आधार कार्ड मात्र जवळ हवं.

तपासणीत एक बुद्धिमापन चाचणी असते आणि एक वाचन-लेखन-गणिताची. बुद्धी सरासरीएवढी आहे आणि वाचन मात्र वयाच्या बरंच मागे आहे, हे त्यातून दिसतं. निम्हान्सची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, देशभर वापरतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' नावाचं साधन बनवलं आहे, ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत आहे. आपल्या मुलांसाठी याहून सोयीचं काय असणार? ते वापरणारं कुणी जवळपास आहे का, हे आवर्जून विचारा.

*इथं फसगत होते:* मराठी मुलाला फक्त कन्नड किंवा इंग्रजी उतारा वाचायला देऊन निष्कर्ष काढला, तर तो अहवाल अपुरा आहे. नम्रपणे पण ठामपणे सांगा, 'डॉक्टर, याची घरची भाषा मराठी आहे, मराठीतही बघा.' मराठी चाचणीसाठी काही जण कोल्हापूरला जातात, आम्हीही एकदा गेलो. शिकवायच्या दृष्टीनं तो अहवाल फार उपयोगी पडला.

५. शिक्षक शोधा, प्रमाणपत्राची वाट बघू नका

सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. शिकवायला तसं काही बंधन नाही. सहा वर्षांच्या मुलाची शंका आली तर सहाव्या वर्षीच सुरू करा.

विशेष शिक्षकाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांचा सीआरआर, म्हणजे नोंदणी, क्रमांक विचारा, परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. क्रमांक असला तरी विशेषीकरण कशात आहे तेही विचारा. कर्णबधिर मुलांसाठी शिकलेल्या शिक्षिका त्यांच्या कामात उत्तम असतील, पण वाचन शिकवणं हे वेगळं प्रशिक्षण आहे.

मग एकच प्रश्न विचारा: "पहिल्या महिन्यात काय कराल?" 'आधी कुठं अडतंय ते बघते, आवाजांपासून सुरू करते, पाठ्यपुस्तक सध्या बाजूला' असं उत्तर आलं तर तिथं बसा. 'सगळा पोर्शन पूर्ण करून घेतो' असं उत्तर आलं तर ती नेहमीचीच शिकवणी आहे. तीन महिन्यांत पूर्ण बरं करण्याची हमी, मेंदू 'अ‍ॅक्टिव्हेट' करणारी शिबिरं, रंगीत काचांचे चष्मे, वर्षाची फी आगाऊ, यातलं काही ऐकू आलं तर उठून या. डिस्लेक्सिया हा आजार नाही, त्यावर औषध नाही. योग्य पद्धतीनं शिकवलं की मूल वाचतं, वेग कमी राहतो, आणि त्या वेगासाठीच पुढे सवलती असतात.

गावात कुणी नसेल तर पुण्या-कोल्हापूरच्या शिक्षिका ऑनलाइन शिकवतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की मूल कर्नाटक बोर्डाचं आहे आणि कन्नडही शिकतं. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात. तिकडच्या आईनं स्वतः पद्धत शिकून घेणं हाच खरा मार्ग. आठवड्यातून एकदा शिक्षिकेकडे, बाकीचे दिवस घरी.

६. आधी एक लिपी पक्की करा

सगळ्या लेखातलं हे एकच लक्षात राहिलं तरी चालेल. मूल ज्या भाषेत भांडतं आणि स्वप्नं सांगतं, तिची लिपी आधी. आमच्याकडे ती मराठी होती. सहा महिने आम्ही कन्नड आणि इंग्रजी फक्त तोंडी ठेवलं: ऐकायचं, बोलायचं, गाणी म्हणायची. शिकवणीच्या सरांना वाईट वाटलं, शाळेत दोन चाचण्यांत गुण पडले नाहीत. ते सोसलं.

कारण असं. देवनागरी आणि कन्नड या बहिणी आहेत, पण चिन्हं मांडायची रीत वेगळी. मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि बोलतो नंतर, म्हणून 'नि' बघून माझा मुलगा 'इन' वाचायचा. कन्नडमध्ये स्वराचं चिन्ह कधीच अक्षराच्या आधी येत नाही. 'सूर्य' मधला अर्धा र मराठीत 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसतो, कन्नडमध्ये तोच 'य'च्या नंतर लिहितात. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन कन्नडमध्ये खाली जातं. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ मराठीत वेगळे नाहीत, कन्नडमध्ये आहेत: 'ओंदु' म्हणजे एक, त्यातला ओ आखूड, 'ओदु' म्हणजे वाच, त्यातला ओ लांब. नेहमीच्या मुलाला हे आपोआप उमगतं. आपल्या मुलाला प्रत्येक नियम उघड करून सांगावा लागतो, आणि तोही एका वेळी एकच.

शिकवायचा क्रम साधारण असा ठेवा.

आधी कान. पाटी-पेन्सिल नाही. 'कमळ' मधला 'क' काढला तर काय उरतं? 'मळ'. 'बेळगाव'चे तुकडे टाळ्या वाजवून कर. 'कुंदा' आणि 'कुंडी' मध्ये काय बदललं? स्वयंपाक करताना दहा मिनिटं एवढंच. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक मुलांत इथं असतं, डोळ्यांत नव्हे: शब्दातले आवाज सुटे करून पकडता येत नाहीत.

मग अक्षरं, पण क-ख-ग-घच्या ओळीनं नको. सारखी दिसणारी अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवा. घ आणि ध, ब आणि व, भ आणि म, ट आणि ठ, यांच्यात निदान दोन-तीन आठवड्यांचं अंतर. ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं आणि काढतानाच मोठ्यानं त्याचा आवाज म्हणायचा. अंगणात लाल माती असेल तर तीच उत्तम. डोळा, कान, तोंड, बोट सगळं एकत्र चाललं पाहिजे. अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी १९३०च्या दशकात बांधलेली पद्धत मुळात हीच आहे, तिला आपण रव्याचं ताट दिलं एवढंच.

मग काना. तो पूर्ण पक्का झाल्यावर दीर्घ वेलांटी, कारण ती अक्षराच्या नंतर येते. ऱ्हस्व वेलांटी त्यानंतर, आणि ती शिकवताना नियम शब्दांत सांगा: 'हात आधी जातो, आवाज मागून येतो.' माझा मुलगा हे वाक्य पुटपुटत लिहायचा, अजूनही कधीकधी पुटपुटतो. जोडाक्षरं सर्वांत शेवटी, त्यातही 'चिक्कोडी', 'येळ्ळूर' अशी एकाच अक्षराची जोडी आधी. हे दोन्ही शब्द तो एसटीच्या पाट्यांवर रोज बघत होता, त्यामुळे शिकताना त्याला ओळखीचे वाटले. 'र'ची रूपं एकेक करून.

मराठी वाचन सुटं झाल्यावर कन्नड त्याच क्रमानं घ्या. तिथं 'द', 'ध', 'थ' आणि 'व', 'म' ही अक्षरं लांब लांब ठेवा.

गणित अडत असेल तर कन्नड मदतीला येते, हे मला फार उशिरा कळलं. 'सदतीस' म्हणताना आपण सात आधी बोलतो आणि तीन आधी लिहितो. मुलगा ऐकायचा सदतीस, लिहायचा ७३. कन्नडमध्ये 'मूवत्तेळु': आधी तीस, मग सात, बोलणं आणि लिहिणं एकाच दिशेनं. महाराष्ट्रात बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'तीस सात' अशी वाचनाची रीत आणली, त्यावर मोठा वाद झाला. आमच्या घरी ती रीत कन्नडमधून आली, वाद न होता.

७. घरची वीस मिनिटं

रोज, एकाच वेळी, वीस मिनिटं. त्याहून जास्त नको. पाच मिनिटं कानाचे खेळ, दहा मिनिटं शिक्षिकेनं दिलेलं, पाच मिनिटं तुम्ही वाचा आणि त्यानं ऐकावं. दर शनिवारी त्याच्या पातळीचा उतारा एक मिनिट वाचून घ्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पहिले दोन महिने आकडा हलला नाही, मी रात्री रडले. नंतर हलला. तीन-चार महिन्यांत काहीच हललं नाही तर शिक्षिकेशी बोलून पद्धत बदला.

इतिहास-विज्ञानासाठी पुस्तक वाचून दाखवा किंवा फोनला वाचायला लावा. मराठी मजकूर मोठ्यानं वाचण्याची सोय आता साध्या अँड्रॉइड फोनमध्ये असते. वाचन मागे आहे म्हणून ज्ञान मागे पडू देऊ नका. आणि पाहुण्यांसमोर 'वाचून दाखव बघू' हे बंद.

८. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. ग्राम वन केंद्रात किंवा सायबर कॅफेत होतो. गावात पंचायतीचे व्हीआरडब्ल्यू आणि तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू हे दिव्यांगांसाठीचेच कार्यकर्ते असतात, त्यांना गाठा. अर्जानंतर रुग्णालयाची तारीख मिळते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळून मुलाला बघतात.

फाइलमध्ये हे ठेवा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स:

- मुलाचं आधार कार्ड आणि अलीकडचा फोटो
- पालकाचं आधार, रेशन कार्ड
- जन्मदाखला
- शाळेचं पत्र आणि एसएटीएस क्रमांक (शाळेकडे असलेला मुलाचा नोंदणी क्रमांक)
- डोळ्यांचा, कानांचा अहवाल
- आतापर्यंतचे सगळे तपासणी अहवाल
- दोन-तीन जुन्या वह्या, मूळच

*सर्वांत जास्त खेपा इथं पडतात:* नावाचं स्पेलिंग. मराठी आडनाव कन्नडमध्ये जातं, तिथून इंग्रजीत येतं, आणि आधारवर एक, शाळेत दुसरं, रेशन कार्डावर तिसरंच होतं. अर्ज करण्याआधी तिन्ही जुळवून घ्या. आमचे चार महिने एका जादा अक्षरापायी गेले.

या कायद्याखाली दिलेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. ते पुन्हा १४व्या आणि १८व्या वर्षी करून घ्यावं लागतं. कार्डावर किती टक्के लिहिले आहेत ते वाचा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर उच्च शिक्षणातलं आरक्षण वगैरे पुढचे हक्क त्यावर अवलंबून असतात.

९. दहावी, पण तयारी आठवीपासून

पुन्हा प्रमाणपत्र घ्यायचं १४वं वर्ष साधारण आठवी-नववीत येतं. ते चुकलं तर दहावीच्या अर्जाच्या वेळी हातात जुना कागद राहतो. आठवीच्या सुट्टीतच तारीख घ्या.

कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या तिन्हींचा उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ म्हटलं आहे. एसएसएलसीसाठी, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीसाठी, अर्ज हेडमास्तरांमार्फतच जातो. नववी संपताच त्यांना भेटा, त्या वर्षीचं परिपत्रक दाखवायला सांगा.

पुण्याची आत्या, कोल्हापूरचा मामा फोनवर सवलतींची लांब यादी सांगतील. ती महाराष्ट्र बोर्डाची यादी असते. आपल्या मुलाला कर्नाटक बोर्डाचे नियम लागू. मी त्या यादीवर विसंबून मुलाला एक गोष्ट कबूल केली आणि नंतर ती मिळत नाही म्हणून सांगावं लागलं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

भाषांचा भार खरोखर झेपत नसेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हाही मार्ग आहे. तिथं पाच विषयांत एक भाषा पुरते आणि मराठी माध्यमही आहे. आम्ही तो निवडला नाही, पण तो माहीत असल्यानं घरात धीर राहिला.

लेखनिक घ्यायचा असेल तर सराव परीक्षेपासून त्याच्याबरोबर बसवा. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ऐन परीक्षेत जमत नाही. माझ्या मुलानं लेखनिक नको म्हटलं आणि जादा वेळ घेऊन स्वतः लिहिलं. पहिल्या पेपरला पर्यवेक्षकांना सवलतीची कल्पनाच नव्हती, त्यांनी वेळ संपताच पेपर मागितला. मंजुरीचं मूळ पत्र शाळेकडे असतं, म्हणून त्याची एक झेरॉक्स मुलाच्या कंपासपेटीत हॉल तिकिटाबरोबर घडी करून ठेवा, आणि ती कुणाला, कधी दाखवायची हे त्याच्याकडून आदल्या रात्री एकदा बोलून घ्या.